तेरा किंवा चौदा

आयली कांगासनं बरणी टेबलावर ठेवली
तेव्हा तिच्यावर थिंबलबेरी जॅमचं लेबल तसंच होतं.
आत व्होडका, व्होडकात एकोणीस मुंगळे.
"सौना खाल्ला माझा. कोण हे, ते सांग."

खात नाहीत, मी म्हटलं. कोरतात. भुसा बाहेर टाकतात.
"म्हणजे पोटासाठी नाही, नुसतं घर पोखरायचं?
पहिल्या नवऱ्याची जात."
खुर्ची ओढून बसली, एक्क्याऐंशीची,
बुटांना एप्रिलातला बर्फ.

हॉटन गावातलं हे तळघर.
वर महाविद्यालय, खाली टाचणीवरचे किडे,
आणि नळीगणिक एक चिठ्ठी, वैको सारेलाच्या हातची,
अक्षर मुंगीच्याच पायांचं.
तो गेला त्याला तीन वर्षं झाली.
माझ्या वाट्याला त्याची खुर्ची आली
आणि कॉफीचे डाग पडलेला ओळखतक्ता.

तक्ता फार बोलत नाही.
छाती काळी: अकराकडे जा.
छाती तांबूस: बाराकडे.
बाराला पोट बघ. चकचकीत, केस आखूड, विरळ?
तेरा. नोव्हेबोरासेन्सिस.
पोट मंद, केस लांब, एकावर एक पडलेले?
चौदा. हर्क्युलियानस.
संपलं. मधे टेकायला जागा नाही.

आमच्या संगमेश्वरात तक्ता तोंडीच होता.
चावली तर लाल, न चावली तर काळी,
आंब्याची पानं शिवून राहते ती ओंबील,
आणि गुळाच्या ढेपेला डसतो तो मुंगळा,
ओढलात तर धड हातात येतं, डोकं गुळातच.
केस मोजा असं कुणी म्हणालं नव्हतं.

दिवा जवळ घेते. पहिला चिमट्यात.
छाती जुन्या विटेची. बारा.
पोट वळवते, उजेड घसरतो
तव्यावरून पाण्याचा थेंब पळावा तसा. तेरा.
दुसराही तेरा.
तिसऱ्याचं पोट उजेड पिऊन बसतं.
केस आहेत, लांब, पिवळट,
पण शेजारच्या केसाला पोचत नाहीत,
पोचता पोचता राहिलेत.
पाचवा पहिल्यासारखा.
सातव्याची छाती मागून लाल, पुढून धुरकट.
थोरल्याचं डोकं केवढं, धाकट्याचं एवढंसं,
ते सोडा, ते घरोघरी असतं.
पण हे सगळे एकाच भिंतीतले.

कपाट उघडते, ताडून बघायला.
लेक मेडोरा, सडका हेमलॉक, तेरा.
कॉपर हार्बर, सरपणाचा ढीग, चौदा.
तेरा. तेरा. चौदा. ठाम, शाईत.
तळच्या खणात मात्र एक पेटी, वर काहीच न लिहिलेली.
आत एकतीस नळ्या.
वर्षाला एक, एकही वर्ष न चुकता,
प्रत्येक चिठ्ठीवर तीच जागा:
*आयलीचा सौना, पूर्वेची भिंत.*
नावाच्या ठिकाणी आधी *तेरा?*
मग बरीच वर्षं *चौदा?*
मग आकडाही सोडून दिलेला,
पेन्सिलीचं नुसतं प्रश्नचिन्ह.

पेटी तिच्यापुढे सरकवते.
चष्मा लावून ती एक नळी उचलते, दुसरी उचलते.
"दर शनिवारी यायचा," ती म्हणते.
"त्या भिंतीला औषध मारू दिलं नाही कधी.
म्हणायचा, अजून ठरत नाहीये."

वरच्या मजल्यावर कुणीतरी कवायत केल्यासारखं चालतं.
खिडकीच्या काचेवरून बर्फाचा एक पापुद्रा सुटून खाली येतो.

एकोणिसातले सहा मी नव्या नळीत घेते,
तारीख घालते, झाड घालते: सीडर.
पूर्वेची भिंत.
आणि थांबते.
"पेन्सिलीनं लिही," आयली म्हणते,
"आणि बरणी रिकामी झाली की परत दे,
जुलैत जॅमला लागते."