शेजारच्या घरातून

एकतीस मार्च, दुपारचे चार.
वाडीतल्या आमच्या मराठी शाळेत पंखा एकच फिरतो,
म्हणून तिसरी आणि चौथी एका वर्गात.
परिपत्रकात ह्याला समायोजन म्हणतात.

मुलं गणित उतरवून घेताहेत तोवर
मी डेड स्टॉकचं रजिस्टर उघडते.
बाकं एकेचाळीस, पैकी मोडकी तेवीस.
घंटा, पितळी, एक.
पृथ्वीचा गोल, एक.
पॅसिफिकपाशी तो पिचलाय,
पोरं तिथे डोळा लावून आत काय आहे ते बघतात,
म्हणून पुढे 'बाद' असं लिहवत नाही.
भिंत: पुराची रेघ अजून आहे.
रंगकाम मंजूर. रक्कम अप्राप्त.

सकाळी समितीतून फोन होता, शाहभाईंचा.
बेन, आ वरसे खाध छे.
गुजरातीत तुटीला खाध म्हणतात.
तीस वर्षं इथे काढली तरी माझ्या कानाला ती
खाद ऐकू येते.
अमक्याची खाद मोठी आहे, म्हणतो ना आपण,
तशी.
कुणाची, ते काही मी विचारलं नाही.
खडूंचं तेवढं विचारलं.
ते म्हणाले, जोइशुं.

फळ्यावर एक हजार वजा तीनशे सत्तेचाळीस.
शून्यातून सात जात नाहीत,
शेजारच्या घरातून उसना घ्यायचा.
शेजारी शून्य.
त्याच्याही शेजारी शून्य.
"मग इतक्या लांब मागायला जायचं?"
प्रियल भोई.
हिची आई मंगळबाजारात क्लिपा-रबरं विकते,
कुणाच्या दारात उसनं मागावं, कुणाच्या नाही,
हे हिला पाढ्यांच्या आधी आलंय.

जावं लागतं, मी म्हणते,
आणि परत येताना वाटेतल्या शून्यांना
नऊ-नऊ देत यायचं.

"आणि ज्याच्याकडून आणलं, त्याच्याकडे काय राहिलं?"

त्याच्याकडे एकच होता गं.

ती उत्तर लिहिते, सहाशे त्रेपन्न. बरोबर आहे.
खडू संपत आलाय, नखाने धरावा लागतो.
हा डबा राठवाभाईंनी आणलेला,
स्वतःच्या पगारातून, तोही अजून झालेला नाही.
पावती मागितली तर हसले.

आता एकच कागद उरला, पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक.
मागणीच्या रकान्यात गेल्या वर्षीचेच आकडे,
त्याच्या मागच्या वर्षीचेही हेच होते,
अक्षर तेवढं बदललंय माझं.
शेवटचा रकाना: अपेक्षित पट.
तीसच्या खाली गेला तर आम्हीच उसने,
पलीकडच्या शाळेच्या घरात.

एकोणतीस नावं पेन्सिलीने लिहिली आहेत.
प्रियलला धाकटा भाऊ आहे.
सहावं त्याला जूनच्या आधी लागतं की नंतर,
शाळा सुटली की
मंगळबाजारावरून जाईन म्हणते.