पिवळा चौकोन

लिएपायात फेब्रुवारीची रात्र.
समुद्रावरचा वारा छपराचा पत्रा वाजवतोय
आणि विस्वाल्दिस तीन वाजता टक्क जागा.
हे रोजचंच.
आधी गॅसचं बटण.
बंद आहे हे बोटांना माहीत असतं,
तरी बोटं पुन्हा विचारतात.
मग दाराची साखळी.
मग खुंटीवरचा कोट,
जो दर रात्री आधी माणूस असतो
आणि नंतर कोट होतो.

नात रीगाला मानसशास्त्र शिकते.
नाताळात करडे वाटाणे निवडता निवडता म्हणाली,
"आजोबा, कोटाला अस्वल समजणारे वाचले.
अस्वलाला कोट समजणारे
कुणाचेच आजोबा झाले नाहीत."
तो हसला. पण तेव्हापासून
कोटाकडे जरा आदराने बघतो.

गोडाचंही तिनेच सांगितलं.
तीस वर्षं बीटाच्या साखर कारखान्यात,
सदऱ्याला, केसांना, लग्नाच्या फोटोलासुद्धा मळीचा वास,
आणि तरी हा माणूस चहात चार चमचे घालतो!
"मध वर्षातून एकदा सापडायचा.
सापडला की पोळं संपेपर्यंत उठायचं नाही.
जीभ अजून त्याच झाडाखाली बसलीय, आजोबा."
डॉक्टरीणबाईंना त्याने हे सांगून पाहिलं.
त्यांनी गोळी वाढवली.

आणि झोपेचं असं, म्हणे:
शेकोटीभोवती वीस-पंचवीस माणसं,
सगळी एकदम झोपली तर सकाळ कोण बघणार?
म्हणून पोरं उशिरा झोपतात,
म्हातारे मध्यरात्री उठून बसतात.
"आजार नाही हा. ड्यूटी आहे."
"कुणी पाहिलंय?" त्याने विचारलं.
"हाडं सापडतात, झोप थोडीच सापडते?"
नातीने खांदे उडवले.
"मला पटतं म्हणून सांगते. सिद्ध व्हायचंय."

ड्यूटी तर ड्यूटी.
तो खिडकीशी स्टूल ओढतो.
खाली अंगणातल्या बर्फावर
रोज दोनपासून एक पिवळा चौकोन पडलेला असतो.
दुसऱ्या मजल्यावरची द्झिद्रा. तीही जागी.
अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत.
कारण जिन्यात ठेवलेली एक घसरगाडी,
जिच्यावर बसणारी मुलं
आता आयर्लंडमध्ये मश्रूम खुडतात.
जिन्यात भेटली की ती मान वळवते
आणि याच्या पोटात काहीतरी गार होतं.
त्यालाही नातीकडे उत्तर आहे:
टोळीने मान वळवली की हिवाळा एकट्याचा,
आणि एकट्याचा हिवाळा फार लांबत नसे.

आज चौकोन नाही.
सव्वातीन.
साडेतीन. बर्फ नुसता निळा.
"मरो तिकडे," तो म्हणतो
आणि मोजे शोधतो.

अठरा पायऱ्या.
दार साखळीइतकं उघडतं.
"काय आहे?"
"दिवा."
"बल्ब उडालाय. स्टूलावर चढायची भीती वाटते."
पडायची भीती तर सगळ्यात जुनी, झाडावरची,
तो सांगणार असतो,
सांगत नाही.
वर जातो, स्वतःच्या स्वयंपाकघरातला बल्ब काढून आणतो,
अंधारात चाचपत तिच्या स्टूलावर चढतो.
ती स्टूल धरते, दोन्ही हातांनी,
त्याच्याकडे न बघता.
उजेड झाल्यावर म्हणते,
"घसरगाडीचं… चूक माझी नव्हती."
"नव्हती," तो म्हणतो.
मग कुणाची, ते दोघंही विचारत नाहीत.

वर घरात काळोख.
खुंटीवर माणूस उभा आहे.
त्याला कोट होऊ न देताच विस्वाल्दिस आडवा होतो.
खाली बर्फावर चौकोन पडलाय,
आता पाळी तिची.
गॅसचं बटण पाहिलं होतं ना?
बोटं विचारत राहतात
आणि मध्येच कधीतरी
विचारायची थांबतात.