मानपत्र

नवी पेठेत, जिन्याखाली, माझं दुकान.
लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, रबरी शिक्के,
आणि सीझनला मानपत्रं.
मजकुरासह साडेचारशे, फ्रेमचे वेगळे.

शब्द कॉम्प्युटरात तयारच असतात.
नगरसेवकाला गौरव लागतो,
निवृत्त हेडमास्तरांना कृतज्ञता,
पतसंस्थेच्या चेअरमनला प्रतिष्ठा, जाड ठशात.
मानपान हवा असेल तर चाटी गल्लीत जावं,
तिथं तो डझनावर मिळतो, टॉवेल-टोपीच्या भावात,
आणि व्याही घडी उलगडून बघतात
किती ग्रॅमचा आहे.
अब्रू मात्र कुणी छापायला आणत नाही.
ती गेल्यावर लोक वकिलाकडं जातात.

शेजारचा बाइंडिंगवाला बशीर सांगतो,
आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा.
तोंडावरचं पाणी, बस, एवढीच अब्रू.
मी म्हणालो, सोलापुरात पाणी पाचव्या दिवशी येतं, बशीरभाई.
तो हसला नाही.
म्हणाला, म्हणून तर झाकून ठेवतात.

मेच्या दुपारी सुगुणा बोद्धूल आली,
साखर पेठेतून चालत, डोक्यावर ओला टॉवेल.
वडील राजलिंगम. लूमवर पस्तीस वर्षं.
समाजाच्या कार्यक्रमात सत्कार आहे,
चांगलं काहीतरी लिहा.
काय लिहू?
ती अडखळली. तेलुगूत शोधलं.
आमच्यात मर्यादा म्हणतात, म्हणाली, मान देण्याला.
मी म्हणालो, मराठीत मर्यादा म्हणजे हद्द.
जिथून पुढं जायचं नाही, ती.
तिनं टॉवेलचं टोक पिळलं जरा.
मग तेच की, म्हणाली.

ताठ मानेनं जगले, असं घालू?
मान वर होत नाही त्यांची.
ताण्यावर वाकून वाकून मणके गेलेत.
रस्त्यानं खाली बघत चालतात,
लोकांना वाटतं, नमस्कार करतायत.

रात्री लिहिलं मी:
‘पस्तीस वर्षे अखंड सेवा.
ज्यांच्या हातचा माल कधीही परत आला नाही.’
मलाच आवडलं ते.
सोनेरी फ्रेम घातली, नेहमीची नाही, वरची.

चौथ्या दिवशी फ्रेम परत.
पेपरात गुंडाळलेली, सुतळीला विणकराची गाठ,
सोडवताना कात्री लावावीशी वाटेना.
आत चिठ्ठी. तेलुगू वळणाची मराठी अक्षरं, गोल गोल:

अखंड काढा. संपात सात महिने लूम बंद होता.
दोन डझन चादरी परत आल्या होत्या एकदा.
कडेचा रंग उतरला.
रंग दुसऱ्याकडचा होता. पण माल माझा.

तेवीस वर्षं मी सन्मान छापतोय.
थोर घाला, म्हणणारे आले.
थोरच्या आधी महान घाला, म्हणणारेही.
एकानं तर जन्मसाल मागं घेतलं, ज्येष्ठ दिसावं म्हणून.
कमी करा, असं कुणी म्हणालं नव्हतं.
चिठ्ठी घेऊन बसलो बराच वेळ.
बाहेर रसवंतीचं घुंगरू वाजत होतं,
आणि माझा माल परत आला होता.

पुन्हा टाइप केलं.
‘पस्तीस वर्षे, संपाचे सात महिने वगळून.
चादरी परत आल्या एकदा, दोन डझन.’
दुसऱ्या प्रिंटचे पैसे नको म्हणालो
तर सुगुणानं नोटा काउंटरवर ठेवल्या,
त्यावर पेपरवेट ठेवला,
आणि गेली.

रविवारी मी मागच्या रांगेत बसलो. पंखा एकच होता.
सेक्रेटरींनी मानपत्र वाचलं, घसा खाकरून,
आणि ती दोन वाक्यं गाळली.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.

राजलिंगम खुर्चीत होते,
अंगावरची शाल उलटी करून
मागची बाजू बोटांनी चाचपत.
टाळ्या थांबल्या तसा त्यांनी हात वर केला,
मान खालीच:
मधलं राहिलं.
ते वाचा.