शेरा

कंपनीच्या फॉर्मात सतरा रकाने आहेत.
उंची, वजन, उजवा की डावा,
दृष्टी, गुडघे,
दुसऱ्या बेसपर्यंत थ्रो किती सेकंदांत.
सगळ्यांत खाली 'शेरा', बोटभर जागा.

जानेवारी. गंगापूर रोडवरच्या कॉलेजचं मैदान.
सकाळचे साडेसात, पायऱ्यांचा गारठा
पँटीतून वर चढत होता.
मी मफलरीत तोंड खुपसून, मुठीत स्टॉपवॉच.
आलो होतो खरं तर पिचरसाठी.
लीगला पिचर हवे असतात.
कॅचर कुणालाच नको असतो,
लागतो फक्त.

पिचर शेवाळे. सहा फूट दोन,
चेंडू सोडताना मनगट असं झटकतो
जसं वाळत घालायच्या आधी ओलं धोतर.
कॅचर गांगुर्डे, विपुल. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.
ठेंगणा, मांड्या भरलेल्या,
मास्क कुणाचा तरी जुना,
पट्ट्याच्या जागी सायकलची ट्यूब.

थप्प.
तिकडे देवळालीला तोफांचा सराव सुरू झाला होता.
त्या लांबून घुमायच्या,
आणि याचा ग्लोव्ह जवळून उत्तर द्यायचा.
थप्प.

पहिला थ्रो दोन पूर्णांक दोन. दुसराही तेवढाच.
लिहिलं: हात बेताचा.
बॅट उशिरा फिरते. लिहिलं.
गुडघे...
इथे माझं पेन नेहमीच अडतं.
माझे एकतिसाव्या वर्षी गेले.
तेव्हा लीग नव्हती, बोली नव्हती,
सामन्यामागे दोन केळी आणि प्रवासभत्ता,
तोही पुढच्या महिन्यात.
लिहिलं: चांगले. अजून तरी.

चौथ्या डावात उठलो, हिंडत हिंडत
सेंटर फील्डमागच्या तारेपाशी गेलो,
तिथून कॅचरची खुणेची बोटं दिसतात.
दुर्बीण लावली.
नखांना नेलपॉलिश. भडक केशरी.
हसूच आलं.
रात्रीच्या सामन्यात लावतात काही पोरं, व्हाइटनर वगैरे.
पण हे लख्ख ऊन.

मग बाकीचं दिसायला लागलं.
खूण बोटांनी एकदा, मग ग्लोव्ह गुडघ्यावर आपटून
तीच खूण पुन्हा.
शेवाळे पुढे वाकून डोळे बारीक करतोय.
चेंडू उंच उडाला की गांगुर्डे ओरडतोय:
"वर! डावीकडे! दोन पावलं, बस!"
आणि शेवाळे आवाजाच्या मागे जातोय,
अनोळखी घरात दिवे गेल्यावर माणूस चालतो तसा.

सामन्यानंतर टपरीवर गाठलं.
"नंबर किती?"
"कुणाचा, सर?"
मी काहीच बोललो नाही.
त्याने चहा फुंकला, फुंकण्यासारखा गरम नसताना.
"उणे साडेतीन."
"लेन्स?"
"आणल्या होत्या. एक स्लाइड मारताना मातीत गेली.
चष्मा घातला तर घेणार नाहीत, म्हणतो."
"आणि तुझं काय?"
"मला दिसतं ना, सर."
एवढं बोलून तो केशरी नखं
पँटीच्या खिशात घेऊन गेला.
जाताना म्हणाला, "पॉलिश ताईचं आहे. तिला सांगू नका."

ठक्कर बाजारहून पुण्याची गाडी पकडली.
शेवाळेच्या फॉर्मात दृष्टीसमोर लिहिलं:
तपासून घ्यावी. चष्मा चालेल.
गांगुर्डेचा शेरा राहिला.
'हुशार' लिहिलं, खोडलं.
'विश्वासू' लिहिलं,
वाचमनच्या दाखल्यासारखं वाटलं, तेही खोडलं.
बोटभर जागेतली अर्धी अशी गेली.
उरलेल्या अर्ध्यात, गाडी हलत असताना:
दोघांना एकत्र बोलवावं.

साहेब फोन करतील.
एका पैशात दोन कसे, विचारतील.
थ्रो दोन-दोनचा आहे, हेही वाचून दाखवतील.
त्यांना काय सांगायचं
ते सिन्नर आलं तरी सुचलं नव्हतं.
तोफा कधीच्या ऐकू येईनाशा झाल्या होत्या.
पुढच्या सीटला टेकवलेले गुडघे
आपलं ठणकत होते.