जवारी

मिरजेत, स्टेशनजवळच्या दवाखान्यात
डॉक्टरबाईंनी फोटो काढले, समोरून, दोन्ही बाजूंनी,
मग मान वर करायला लावून खालूनसुद्धा.
मी नाकाच्या उंचवट्याचं बोलायला गेलेली,
त्यांनी आधी श्वासाचं विचारलं.
डावी नाकपुडी बंदच असते, म्हटलं, लहानपणापासून.
ते कुठं कुणाला दिसतं.

मग पेन फिरत राहिलं:
दोन आठवडे आधी ॲस्पिरिन बंद.
मिश्री बंद.
ती अम्मी लावते, मी म्हटलं.
दात वेगळं सांगतायत, त्या म्हणाल्या.
डोळ्यांखाली काळंनिळं होईल,
शेंड्याची सूज वर्षभर उतरत राहील,
तोवर आरशाशी भांडायचं नाही.
आणि मोबाइलमधल्या त्या बाईचं नाक
तुझ्या तोंडावर बसणार नाही.

अब्बा कोपऱ्यातल्या खुर्चीत,
नखांत हाडाची पांढरी भुकटी.
चाळीस वर्षं सतारीच्या घोड्या घासतायत.
माझं नाक त्यांचंच, तिघांनाही दिसत होतं.
वाटलं, पैशांचं विचारतील.

"काढणार किती ते नका सांगू, बाई.
ठेवणार किती?"

पेन थांबलं.
"जवारी काढताना केसभर जास्त गेलं
की तार बोलत नाही. भर घालता येत नाही."
"नाकात येते," त्या म्हणाल्या, "पण बरगडीतून आणावी लागते.
म्हणून पहिल्यांदा कमीच."

रिक्षात दोघं गप्प.
तारीख घेतली नाही, सोडलीही नाही.

रात्री खालून कानशीचा आवाज,
दोन हात मारून थांबणारा.
मी उजवी नाकपुडी दाबून
डावीनं श्वास घेऊन बघते,
येतोय का.