तासभर पळवा

दिवाळीनंतर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला
आणि विझेचना.
नईम मिस्त्रीनं बॉनेटही उघडलं नाही.
"ताई, जाळी चोंदली काजळीनं.
डिझेल गाडी हाय, तिले लांबचा रस्ता लागते.
तासभर पळवा सत्तर-ऐंशीनं. जळून जाईन सारी."

लांबचा रस्ता होता की.
चार वर्षं, दर दुसऱ्या शनिवारी
शेंदूरजना घाट ते नागपूर, हर्षालीचं होस्टेल.
जाताना गादी, कुकर, शेवेचा डबा,
येताना नुसती मी
आणि काटोल सुटलं की डोळ्यांवर येणारी झापड.
आता ती कोचीला असते.
तिथं कुणी गाडीनं जात नाही.

आता घर ते रोपवाटिका, साडेतीन किलोमीटर.
इंजिन तापायच्या आत मी पोचलेली असते.
मागच्या सीटवर पिशव्यांतली रोपं, दाटीवाटीनं सत्तर,
बेल्टच्या खाचेत माती,
आणि एकदाच नेलेल्या शेणखताचा वास, कायमचा.

तरी मिस्त्रीचं ऐकलं.
एका मंगळवारी, डोळे बांधायचं ऐन काम सोडून,
काटोलपर्यंत गेले. कारण काहीच नाही.
टपरीवरच्या पोरानं विचारलं, "कुठं निघाल्या, काकू?"
"काजळी जाळाले."
तो हसला नाही. बिस्कीट देऊ का म्हणाला.
परतताना जलालखेड्याच्या अलीकडं दिवा विझला.
पंधरा दिवसांनी पुन्हा लागला.

वरुडच्या शोरूममधल्या राऊतनं टायर दाबले,
दार उघडलं, नाक मुरडलं.
"वास कायचा येते, ताई?"
"धंद्याचा."
त्यानं वासाचे वीस हजार कापले.

घरी हे म्हणाले, "डिझेल देऊन पेट्रोल? अन् काहून?
ट्रॅक्टर, जनरेटर, गाडी, साऱ्याले एकच कॅन पुरत होती."
बरोबर होतं. मायलेजचंही बरोबर होतं.
मी वही पुढं केली. रोजच्या फेऱ्या, जाळीचा खर्च,
भाड्याच्या गाडीला दिलेले पैसे, महिन्यागणिक.
वही उलटी ठेवून ते जेवायला बसले.
मी ते हो समजले.

पिकअप आली तेव्हा तुळसाबाई सगळ्यांआधी हौद्यात चढली,
जांभेरीच्या काट्यांनी ओरखडलेले हात कमरेवर ठेवून.
"करा ना चालू, बाई."
"केली."
"नाई झाली."
"झाली, तुळसाबाई."
तिनं वाकून पत्र्यावर तळवा टेकला,
झोपलेल्या पोराचं पोट पाहावं तसा,
मग खाली उतरून रोपं चढवायला लागली.
तीनशे बसली. वर आम्ही दोघी पुढं.
आरशात पूर्वी रिकामी सीट दिसायची,
आता नुसती पानं, काचेवर हात मारणारी.

गेटपाशी कुत्रं उठलं नाही.
त्याला धडधड ऐकायची सवय.
हॉर्न वाजवावा लागला, माझ्याच घरी.

जानेवारीत राऊतचा फोन.
"गेली तुमची गाडी. मास्तरनं घेतली एका,
रोजचं नागपूर अप-डाऊन हाय त्याचं."
बरं झालं, म्हटलं. खरंच बरं झालं.
त्या दुपारी माझा चाकू खोल जात होता,
तीन खुंटांची साल फाटली.
तुळसाबाईनं पाहिलं, आणि
पुढची ओळ माझ्याकडून काढून घेतली.

पंपावर हात अजून डिझेलच्याच मशीनशी वळतो.
अंकुश नळी काढून तयार. "फुल ना, काकू?"
"पेट्रोल! पेट्रोल!"
इतक्या जोरात की हवा भरणारा वळून बघतो.

म्हणून टाकीच्या झाकणाला पट्टी बांधली आहे,
कलमाला बांधतो तीच, तीन वेढे आणि आत खोचलेलं टोक.
डोळा धरला की पट्टी सोडतात,
वीस-एक दिवसांत.
फेब्रुवारी संपत आला.
ही मी अजून सोडलेली नाही.