थर्मोस्टॅट

खापरीच्या पुलावर काटा लालात गेला
तेव्हा मी उन्हालाच शिव्या दिल्या. सेहेचाळीस.

गड्डीगोदामात मेश्राम मिस्त्रींनी
बॉनेट उघडून आधी नुसतं ऐकलं.
पंख्याला थेट वायर लावली: फिरला.
डिपस्टिक बोटावर पुसली: काळं तेल, दुधाळ नाही.
‘वाचली बाप्पा.’
इंजिन हात लावू देईना, रेडिएटर मात्र गार.

मग चहावाल्याच्या पातेल्यात
तो पितळी डोळा सोडला.
पाणी खदखदलं.
डोळा मिटलेलाच.
‘उन्हाचं काय घेऊन बसले, साहेब,
हा उघडूनच नाही राहिला.
किती वर्षं झाले असतील!’

भर मे महिन्यात हीटर लावून
बाबा ही मारुती चालवायचे,
काचा खाली, बनियन ओलं.
मागच्या सीटवर आम्ही हसायचो.

चहावाला म्हणाला,
पातेलं आता तुम्हीच न्या.